मूठ कोणाची?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'धर्म आणि सनातनीपणा : देशोदेशीचं चित्र', तो वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, तुम्ही साक्रीच्या पुढे गेला नाहीत कधी, देशोदेशीचं काय सांगणार? (हशा) खोटं आहे ते, सुरतपर्यंत गेलोय.

आणि अमळनेरात बोलायचं म्हणजे आधीच दडपण. इथे तत्त्वज्ञान मंदिर, इथेच साने गुरुजी मास्तर होते. गुरुजी १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले, विठोबा सगळ्यांना खुला करा म्हणून. माणूस पक्का भाविक, आणि अडवणारेही भाविकच. हे जरा लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्यावर. (विसरलो तर आठवण करा.)

आता आमच्या घरची कानबाई, आपली खानदेशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, तुम्हाला काय सांगायचं. आमच्याकडे नैवेद्याच्या रोटाचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात, माणसं मोजून, पाळण्यातलं पोरगंही त्यात धरतात, आणि जी बाई दिवसभर उपाशी राहून ते दळते, भाजते, तिची मूठ नाही. तर एका वर्षी माझी पुतणी, सातवीत होती, सुपाशी उभी राहून विचारते, माझी कुठेय? सगळे गप्प. आजी आमची कशी, तर उपास नाही असा वार नाही, चातुर्मासात कांदा-वांगं बंद, आणि भरिताशिवाय खानदेशी माणसाचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणाली, "कानबाई कोन शे? बाईच शे ना? मंग आंडेरनी मूठ का चालाव नही?" (आंडेर म्हणजे मुलगी.) आणि घातली की सुपात मूठ!

आता उठलं कोण? माझे काका. आयुष्यभर लाल झेंडा, देवळाची पायरी चढले नाहीत, वडिलांच्या दहाव्याला मुंडण केलं नाही म्हणून गावानं नावं ठेवलेला माणूस, तो म्हणतो, "हे नका करू, भाऊबंद काय म्हणतील? उद्या वाटणीतही मूठ मागेल." म्हणजे देव मानणारी मोकळी आणि न मानणारा सनातनी. मी तेव्हापासून हे डोक्यात घेऊन फिरतोय, तीस वर्षं झाली, जो भेटेल त्याला सांगतो, लोक मला एस्टी स्टँडवर टाळतात.

माझं म्हणणं एवढंच की त्या वाक्यात देव नव्हताच, वाटणी होती. वाटणीची भीती आधी असते, धर्म नंतर शिक्का मारतो. शिक्का नसला तरी कागद चालतोच...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? साहेब, माझे देश राहिलेत सगळे. बरं, पळवतो.

रोमानिया. चाउशेस्कूचं कम्युनिस्ट सरकार, देव न मानणारं, १९६६ ला गर्भपातावर बंदी घातली, कारण लोकसंख्या वाढवायची होती. रशियात १९२० ला परवानगी होती, ती १९३६ ला स्टालिननं काढून घेतली, तिथे कोणता पाद्री होता? जपानमध्ये लग्न झालं की दोघांचं आडनाव एकच पाहिजे असा कायदा, बदलतात बहुतेक बायकाच, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१५ ला आणि पुन्हा २०२१ ला तो कायम ठेवला. तेच ट्युनिशिया बघा, मुसलमान देश, १९५६ ला एकापेक्षा जास्त बायका करणं बंद, गर्भपात १९७३ ला कायदेशीर, फ्रान्सच्या दोन वर्षं आधी. आणि स्वित्झर्लंड, घड्याळं इतकी वेळेवर, पण बायकांना देशाच्या निवडणुकीत मत १९७१ ला!

आता माझ्या विरोधातलं, कारण तुम्ही विचारणारच. आयर्लंड. घटस्फोटाचं सार्वमत १९९५ ला जेमतेम नऊ हजार मतांनी पास झालं, आणि २०१८ ला गर्भपातबंदी उठवायला ६६ टक्के. मध्ये चर्चच्या संस्थांमधली मुलांच्या छळाची प्रकरणं बाहेर आली, चर्चचा वचक गेला. म्हणजे शिक्क्यालाही वजन असतं, मान्य. पण ते वजन आलं कुठून? आयर्लंडला इंग्रजांविरुद्ध आणि पोलंडला कम्युनिस्टांविरुद्ध चर्च हाच आपला अड्डा होता, मग चर्चला नाही म्हणणं म्हणजे देशालाच नाही म्हणणं झालं. पोलंडमध्ये २०२० ला न्यायाधिकरणानं गर्भपाताचा कायदा आणखी आवळला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. आयर्लंडमध्ये ते सुटलं, पोलंडमध्ये अजून ओढाताण चालूय. हे नीट सांगायला तासभर लागेल, गुरुजींचंही राहिलंच, आणि धुळ्याची शेवटची गाडी साडेनऊला आहे.

काय? मागून कोण? हां, पुतणीच्या मुठीचं काय झालं. दरवर्षी पडायची, आजी होती तोवर आणि आजीनंतरही, काकाही बोलायचे बंद झाले. मग तिचं लग्न झालं, पाचोऱ्याला दिली. परवा फोनवर विचारलं मी, तुझी मूठ घेतात का तिकडे? म्हणाली, "इथे विचारलं नाही अजून, काका. आधी घर माझ्याही नावावर होऊ द्या."