कुठली फाइल उघडायची, हे कोण ठरवतं?
(लघुमाहितीपट: निवेदन)

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. स्कूटरींची वर्दळ, दुकानांच्या पाट्या, वर जाणारा लाकडी जिना.)

बडोद्याचा दांडिया बाजार. पाट्या गुजरातीत, जिन्यावरून कानावर येणारं बोलणं मराठीत. गायकवाडांच्या चाकरीत आलेली घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि त्यांनी उभ्या केलेल्या संस्थाही राहिल्या. अशाच एका संस्थेचं हे कार्यालय. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी, कपाटात नाट्यस्पर्धेच्या ढाली, टेबलावर लॅपटॉप.

संस्थेचं संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवण्याच्या तयार प्रणालीवर आहे. जादा सोयी प्लगिन नावाच्या जोडप्रोग्रामांनी येतात. कार्यक्रमांची यादी, सभासदत्वाचा अर्ज, देणगीची पावती. कुणीतरी ते स्वस्तात करून दिलं आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. अशी पोरकी संकेतस्थळं छोट्या संस्थांकडे पुष्कळ सापडतात.

"अगं, साइट चालतेय ना? मग हात कशाला लावायचा?" कोषाध्यक्ष काका विचारतात.

"चालतेय म्हणूनच इतकी वर्षं कुणी बघितलं नाही, काका."

(दृश्य: पडद्याचं चित्रण. ब्राउझरची पत्त्याची पट्टी, शेजारी कोडचा संपादक. प्लगिनचं नाव धूसर.)

ही मुलगी याच शहरात वाढली, प्रोग्रामिंग शिकली आणि आता सुट्टीच्या दिवशी संस्थांची संकेतस्थळं तपासून देते. समोर दिसतंय ती संकेतस्थळाची तिच्या लॅपटॉपवरची नक्कल. लेखी परवानगी घेऊन काढलेली. चालत्या साइटवर असले प्रयोग करायचे नसतात, परवानगीशिवाय तर मुळीच नाही.

पत्त्याच्या पट्टीकडे पाहा. कार्यक्रमांचं पान उघडलं की पत्त्याच्या शेवटी एका फाइलचं नाव येतं. प्लगिन ते नाव उचलतं आणि पीएचपीच्या, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे तिच्या, इन्क्लूड या आज्ञेला देतं. आधी कुठलं फोल्डर जोडत नाही, नंतर काही तपासत नाही. सगळी गोम या एका ओळीत आहे.

(दृश्य: मध्यवर्ती ग्रंथालय. लोखंडी मांडण्या, काचेच्या फरशीतून खाली झिरपणारा उजेड.)

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. त्या काळातलं हे मध्यवर्ती ग्रंथालय. वाचकाने चिठ्ठीवर नाव लिहायचं, कर्मचाऱ्याने मांडणीतून पुस्तक आणून द्यायचं, अशी पद्धत डोळ्यांसमोर आणा. आता समजा, चिठ्ठीवर कुणी लिहिलं, "मागच्या खोलीतली पगाराची वही." आणि कर्मचारी तीही घेऊन आला. प्लगिनमधली ती ओळ असा कर्मचारी आहे.

फरक एवढाच, की इन्क्लूड फाइल नुसती आणून देत नाही. तिच्यात पीएचपीचं कोड असेल तर ते चालवतं. फाइलचं नाव .जेपीजीने संपतं की .टीएक्सटीने, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

(दृश्य: पत्त्याच्या पट्टीत टाइप होणारी अक्षरं. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ओळी.)

दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ, म्हणजे एक फोल्डर वर. हे काही वेळा लिहिलं की साइटच्या फोल्डरातून निघून थेट सर्व्हरच्या मुळाशी पोचता येतं. तिथून ती लिनक्स या संगणकप्रणालीची ईटीसी-पासडब्ल्यूडी फाइल मागते. पडद्यावर उतरलेली ही यादी सर्व्हरवरच्या खात्यांची. नावात पासवर्ड असला तरी या फाइलमध्ये पासवर्ड नसतात, ते वेगळ्या, बंदिस्त फाइलमध्ये असतात. तपासणारे हीच फाइल मागतात, कारण ती जवळपास प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असते आणि सगळ्यांना वाचता येते. ती दिसली, म्हणजे फट आहे.

खरं घबाड वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमध्ये असतं. डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या. ती सरळ मागितली तर पडद्यावर काहीच येत नाही, कारण इन्क्लूड ती चालवून मोकळं होतं. त्यावर तोड पीएचपीतच आहे. फिल्टर नावाच्या सोयीतून फाइल आधी बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांच्या सांकेतिक रूपात, बदलून घ्यायची. आता तिच्यात चालवण्यासारखं काही उरत नाही, आणि ही लांबच लांब अक्षरांची माळ पानावर येते. ती उलटवली की पासवर्ड वाचता येतो. कॅमेऱ्यासमोर तिने तो उलटवला, तो भाग आम्ही कापला आहे.

अजून एक वाट आहे, आणि ती या सगळ्यांत बेरकी. सर्व्हर प्रत्येक भेटीची नोंद लॉगमध्ये करतो. भेट देणारा ब्राउझर स्वतःचं जे नाव सांगेल, तेही त्यात जातं. हल्लेखोर त्या नावाच्या जागी पीएचपीचं कोड पाठवतो. नोंद होते. मग तो या फटीतून तीच लॉग फाइल मागतो. पीएचपीला ती वाचायची मुभा असेल, तर सर्व्हर स्वतःच्याच हाताने लिहिलेली नोंद आज्ञा म्हणून चालवतो. साधी वाचनाची फट इथं सर्व्हरचा ताबा देऊन जाते.

दुसऱ्या सर्व्हरवरची फाइल खेचून चालवण्याचा प्रकार पूर्वी सर्रास चालायचा. पीएचपी ५.२ पासून त्यासाठी अलाऊ-यूआरएल-इन्क्लूड ही वेगळी सेटिंग आली आणि ती मुळातच बंद असते. त्यामुळे "आता तो धोका संपला" असं म्हणणारे भेटतात. ती सेटिंग बंद असेल तर दूरचा संपला. जवळचा तुम्ही आत्ता पाहिलात.

(दृश्य: जुन्या बातम्यांचे मथळे पडद्यावर सरकतात.)

हे नवीन नाही. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या प्लगिनमधून डब्ल्यूपी-कॉन्फिग सरळ उतरवून घेता येत होती. तो फाइल डाउनलोडचा, म्हणजे याच घराण्यातला प्रकार. ते प्लगिन विकतच्या थीमसोबत, म्हणजे साइटच्या तयार रूपासोबत, आलेलं असायचं, त्यामुळे आपल्याकडे ते आहे हेच अनेकांच्या गावी नव्हतं. २०२२ च्या सुरुवातीला एसेंशियल ॲडऑन्स फॉर एलेमेंटर या १० लाखांहून जास्त साइटवरच्या प्लगिनमध्ये अगदी आजच्यासारखीच फट सापडली. आवृत्ती ५.०.३ मध्ये दुरुस्ती झाली, ती पुरली नाही. ५.०.४ मध्ये झाली, तीही नाही. ५.०.५ मध्ये एकदाची बुजली. मजकूर स्वच्छ करणारी फंक्शन्स फाइलच्या वाटेवर बसवली की असंच होतं. ती फंक्शन्स एचटीएमएलचे टॅग काढतात, टिंबांना हात लावत नाहीत.

(दृश्य: कोडच्या ओळी. जुनी ओळ खोडली जाते, नवी येते.)

तिची दुरुस्ती बघा. या प्लगिनला लागतात तीनच टेम्प्लेट, म्हणजे पानांचे साचे: यादी, दिनदर्शिका, तपशील. ती तिघांची नावं कोडमध्येच लिहिते आणि प्रत्येकापुढे त्याची फाइल. पत्त्यातून आता फक्त नाव येतं, आणि ते या तिघांत नसेल तर गुपचूप यादी उघडते. बाहेरून आलेली अक्षरं इन्क्लूडपर्यंत पोचतच नाहीत.

फाइली शेकड्यांनी असतील आणि यादी करणं शक्य नसेल, तर रिअलपाथ. हे फंक्शन टिंबं सोडवून फाइलचा खरा पत्ता सांगतं. तो ठरलेल्या फोल्डरच्या पत्त्याने सुरू होतो का, हे पाहायचं. फोल्डरच्या नावाशेवटची तिरकी रेघ धरून पाहायचं, नाहीतर "टेम्प्लेट्स" बरोबर "टेम्प्लेट्स-जुने" सुद्धा आत येतं. अशा बारकाव्यांमुळेच ती यादीचा आग्रह धरते, आणि आम्हालाही तेच पटलं.

सर्व्हरवर ती ओपन-बेसडिर ही पीएचपीची सेटिंग लावते, म्हणजे पीएचपीला साइटच्या फोल्डरबाहेर पाऊल टाकता येत नाही. अपलोडच्या फोल्डरात कुणी थेट पीएचपी फाइल उघडली तर ती चालणार नाही, अशी सोय करते. पण डब्ल्यूपी-कॉन्फिग साइटच्याच फोल्डरात असते आणि वर्डप्रेसला ती वाचावीच लागते. तिला कितीही कुलपं घाला, प्लगिनमधली ती ओळ तशीच राहिली तर उपयोग नाही.

(दृश्य: प्लगिनची लांबलचक यादी. एकेक ओळ पुसली जाते.)

आणि आता काकांना सगळ्यात आवडलेला भाग. निष्क्रिय केलेली प्लगिन फक्त यादीत फिकी दिसतात. त्यांच्या फाइली सर्व्हरवर तशाच असतात, आणि त्यातली एखादी फाइल थेट पत्ता देऊन उघडता येत असेल तर तिच्यातली फटही उघडीच. म्हणून डिलीट. बर्फ पाडणारं प्लगिन, डिलीट. भेटींचा आकडा दाखवणारं, डिलीट. "हे कुणी घातलं होतं?" काका प्रत्येकाला विचारतात. उरलेल्यांचं स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू. ही सोय वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० पासून आहे. पण वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून, म्हणजे प्लगिनच्या अधिकृत यादीतून, एखादं प्लगिन बंद झालं, तर डॅशबोर्ड ते सांगत नाही. अद्ययावत काही येतच नाही आणि सगळं ठीक वाटत राहतं. शेवटची आवृत्ती कधीची, हे प्लगिनच्या पानावर जाऊन बघावं लागतं.

फट वापरली गेल्याची शंका असेल तर डेटाबेसचा पासवर्ड, गुप्त किल्ल्या आणि प्रशासकांचे पासवर्ड, तिन्ही बदलायचे. सभासदांचे फोन आणि पत्ते गेले असतील तर त्यांना कळवायचं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या आणि सेवा पुरवठादारांना अशी घटना ६ तासांत कळवावी लागते.

(दृश्य: ईमेलची खिडकी. पत्ता आणि विषय धूसर.)

प्लगिनच्या लेखकाला तिने लिहिलं आहे: कुठली ओळ, काय घडतं, दुरुस्ती काय. उत्तर आलं नाही, तर वर्डप्रेसच्या प्लगिन तपासणाऱ्या गटाला कळवायचं. हेच प्लगिन इतरांच्याही साइटवर चालू आहे. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत, किंवा ते डिरेक्टरीतून हटेपर्यंत, या चित्रफितीत त्याचं नाव धूसर ठेवलं आहे.