कलेजीत दिसलं ते गोठ्यापर्यंत पोचू दे

नमस्कार श्रोतेहो. रविवारी मटणाच्या दुकानात आपण काय विचारतो? पालवा, म्हणजे कोवळं बकरं आहे का, आणि भाव परत का वाढला. मांडीवर तपासणीचा शिक्का आहे का, असं विचारणारं गिऱ्हाईक विरळाच. आज त्या शिक्क्यामागच्या कामाबद्दल बोलतो, पण खाणाऱ्यांपेक्षा पाळणाऱ्यांसाठी जास्त.

कत्तलखान्यात बकऱ्याची तपासणी दोनदा होते. आधी जिवंतपणी: ताप आहे का, नाक वाहतंय का, तोंडात फोड आहेत का. केंद्राच्या 2001 च्या नियमांप्रमाणे एका पशुवैद्यानं तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. आपल्याकडं लक्ष्मीची जत्रा निघाली की गल्लोगल्ली बकरी पडतात, तिथं कुठला डॉक्टर आणि कुठला शिक्का!

दुसरी तपासणी कातडं काढल्यावर. कलेजी, फोपसं (फुफ्फुस), पाणथरी (प्लीहा), गाठी हातानं दाबून, चिरून बघतात. खानापूरकडच्या भातखाचरांत चरलेल्या जनावराच्या कलेजीतली पित्ताची नळी कधी कधी जाड, कडक लागते. चिरून दाबली की चपटे, तपकिरी कृमी बाहेर येतात. हे कृमी वाढतात चिखलातल्या गोगलगाईत, म्हणून औषध जनावराला पाजायचंच, पण दलदलीत चारणंही थांबवायचं.

फोपसावर कधी लिंबाएवढा पांढरा फोड दिसतो, आत स्वच्छ पाणी. हा हायडॅटिड. मटणातून तो माणसाला होत नाही, येतो कुत्र्यामार्फत. कसाई ते फोपसं बाहेर भिरकावतो, कुत्रं खातं, त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, विष्ठेतून अंडी गवतावर पडतात आणि मेंढरू ती चरतं. तीच अंडी कुत्र्याला कुरवाळणाऱ्या पोराच्या पोटात जातात आणि पुढं वर्षानुवर्षं फोड वाढत राहतो, बहुतेकदा यकृतात. म्हणून टाकाऊ अवयव खोल पुरायचे किंवा जाळायचे, आणि धनगरदादांनी राखणीच्या कुत्र्यालाही जंताचं औषध द्यायचं. मला विचाराल तर कत्तलखान्याचं कुंपण धड असणं हे चकचकीत फरशीपेक्षा मोलाचं.

एक जनावर मात्र कुणीच चिरायचं नाही: धडधाकट असून अचानक मेलेलं, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त आलेलं. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. फाडलं की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि मातीत अनेक वर्षं टिकतात. स्वस्तात वाटे घालणारे सोलतानाच आजारी पडतात. हात न लावता दवाखान्याला कळवा.

आता कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचं. निपाणीचं बकरं कोल्हापुरात कापलं जातं, कागवाडचं मिरजेत. तिथल्या डॉक्टरला दिसलेला रोग इकडच्या कळपात आहे, हे इकडं कळवायचं कुणी? व्यापाऱ्यानं बकरं कुठल्या गावचं हे लिहून ठेवलं, तरच माग लागतो. त्यातून कळपात पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग शिरला, नाकं वाहू लागली, हगवण लागली की मालक काय करतो? आजारी बकरी घाईनं बाजारात काढतो, आणि आठवड्यात चार गावांना रोग वाटला जातो. पीपीआरची लस एकदा टोचली की निदान तीन वर्षं पुरते, पण अंगात मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा टोचायची ती कळप रानावनात हलवायच्या आधी, नाकं वाहायला लागल्यावर नव्हे.