काटकुळा पाइन कापू नका, वाकवा: सोलापूरच्या गच्चीवरचं बोन्साय

नमस्कार मंडळी. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, सकाळच्या हवेत अजून गारवा आहे. या पंधरा दिवसांची मी वर्षभर वाट बघते. पाइनला तार घालायची, म्हणजे खोडाला तार गुंडाळून वळण द्यायचं, तर आपल्या सोलापुरात हेच दिवस. झाडात रस कमी फिरत असतो, कापलं तर राळ कमी गळते, आणि ऊन तापायच्या आत झाडाला सावरायला थोडा वेळ मिळतो.

हे बघा आजचं झाड. माझ्या धाकट्या दिरांनी आणून दिलंय. "वहिनी, फेकून देणार होतो, याचं काही होतंय का बघा," म्हणाले. म्हटलं, भाऊजी, ठेवा इथं. उंची तीन फूट. खालचे दोन फूट नुसती काठी, नंदीध्वजासारखी सरळ, आणि सगळी हिरवाई वर एका झुपक्यात. नर्सरीत रोपं खेटून ठेवतात, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळून गळतात. झाड उजेडाच्या मागे वर वर पळत राहतं.

पण आधी एक खात्री करा. तुमच्याकडे आहे तो पाइनच आहे ना? बाजारात पाइन म्हणून तीन वेगळी झाडं विकली जातात. एक अरौकेरिया, ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो, मजल्यांसारख्या फांद्या असलेलं. ते पाइन नव्हे, आणि त्याचं चांगलं बोन्साय होणं फार अवघड. दुसरं सुरूचं झाड. त्याची सुई ओढून बघा, सांध्यांवर टपटप तुटते, कारण ती सुई नसून बारीक डहाळी असते. सुरू असेल तर तुम्ही नशीबवान! आपल्या उन्हात तो आनंदाने वाढतो. तिसरा खरा पाइन. बाळा, कॅमेरा जरा जवळ आण. ही सुई मुळाशी धरली की एका आवरणातून किती सुया निघतात ते मोजायचं. या झाडाला तीन आहेत, आणि लांब आहेत. म्हणजे हा चीड पाइन. जपानी ब्लॅक पाइनला दोन असतात, व्हाइट पाइनला पाच. व्हाइट पाइनचे फोटो बघून मोहात पडू नका, त्याला खरी थंडी लागते. चीड हिमालयाच्या खालच्या उतारांवरचा, मे-जूनमधला कोरडा उन्हाळा त्याने पाहिलेला असतो. म्हणून गच्चीवर पाइनच हवा असेल तर मी चीडच सांगेन.

आता मुद्द्याचं. असं उंच झाड दिसलं की पहिला विचार येतो, मधूनच छाटू, खालून फुटेल. वड, पिंपळ, बोगनवेल यांना ते चालतं. पाइनला नाही. ज्या फांदीवर एकही सुई उरली नाही, ती फांदी बहुतेक वेळा मरते. नवा डोळा फुटतो तो सुया असलेल्या भागात. माझा पहिला पाइन मी असाच घालवला. वडाच्या सवयीने खालच्या दोन फांद्या बोडक्या केल्या, रोज सकाळी जाऊन डोळे फुटलेत का बघायची. मार्चपर्यंत दोन्ही फांद्या वाळल्या आणि पुढे झाडही गेलं. फार वाईट वाटलं होतं. चीड या नियमाला थोडा अपवाद आहे, वणव्यात होरपळल्यावर त्याच्या खोडातून कोंब येतात. पण कुंडीतल्या अशक्त रोपावर त्या भरवशाने कात्री चालवू नका.

मग उंची कमी कशी करायची? वाकवून. तीन फुटांच्या सरळ काठीला वळणं दिली की ती दोन फुटांत बसते, आणि वरची हिरवाई आपोआप खाली येते. जपानी बोन्सायमध्ये एक शैली आहे, बुंजिन. तिचं मूळ चिनी विद्वान-चित्रकारांच्या चित्रांत आहे: बारीक, वळणावळणाचं उघडं खोड आणि शेंड्याकडे मोजक्याच फांद्या. म्हणजे ज्याला आपण या झाडाचा दोष म्हणत होतो, तेच त्या शैलीला हवं असतं. मला तर जाड बुंध्याच्या झाडापेक्षा हीच जास्त आवडतात.

कुंडीतली वरची माती बोटांनी हलकेच बाजूला करा. मुळं कुठून पसरतात ते दिसेपर्यंतच. जिकडून मुळांची पकड छान दिसते आणि खोड आपल्याकडे किंचित झुकतं, ती समोरची बाजू. खडूने कुंडीवर खूण करा.

तार ॲल्युमिनियमची. जाडी खोडाच्या साधारण एक तृतीयांश. हे खोड दीड सेंटिमीटर आहे, म्हणून पाच मिलिमीटरची तार. लांबी खोडाच्या दीडपट तोडायची. पण तारेआधी खोडाला कापड. मी जुन्या सोलापुरी चादरीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडते, पाण्यात भिजवते आणि घट्ट गुंडाळते. परदेशात राफिया नावाच्या ताडवर्गातल्या झाडाचे धागे वापरतात. चादरीचं जाड सूत ते काम मस्त करतं, साल फाटत नाही. मग तारेचं टोक मुळांच्या मागे मातीत खोल खोचायचं आणि पंचेचाळीस अंशांच्या तिरकसपणाने वर चढायचं. वेढे फार जवळ नकोत, सैलही नकोत.

आता वाकवणं. इथं घाई नको. दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला, बोटं बाहेर, आणि तार वळणाच्या बाहेरच्या अंगाला येईल असं बघा. पहिलं वळण अगदी मातीजवळ, सगळ्यात मोठं. वर जाल तशी वळणं लहान आणि जवळजवळ. आणि नुसतं डावीकडे-उजवीकडे नको, नाहीतर सापाचं चित्र होतं. थोडं पुढे, थोडं मागेही न्या. थोडं वाकवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा थोडं. कर्र असा आवाज आला की तिथंच थांबायचं, मागे सरळ करायचं नाही. बारीक चीर असेल तर जखमेवर लावायची पेस्ट लावा, भरून येते.

ऐका... हा आवाज कापडाचा होता. घाबरले मी.

फांद्यांचं काम आज थोडंच. पाइनला एकाच ठिकाणी चाकासारख्या चार-पाच फांद्या फुटतात. त्या तशाच राहिल्या तर तिथं गाठ फुगते आणि खोड वर जाड, खाली बारीक दिसतं. म्हणून या पाचांतल्या दोन काढते. अगदी खोडालगत नाही, बोटाच्या पेराएवढा खुंट ठेवून. पुढे साल सोलून त्याचं वाळकं लाकूड करता येतं, बुंजिनला ते शोभतं. उरलेल्या तीन बारीक तारेने किंचित खाली उतरवते. त्यांची एकही सुई काढत नाही. लांब सुया बोन्सायला विसंगत दिसतात हे खरं, पण आत्ता झाडाला ताकद त्यांच्यातूनच मिळणार आहे.

आज कुंडी बदलायची नाही. खूप जण इथंच चुकतात, एकाच दिवशी तारही आणि मुळंही. कुंडी पुढच्या वर्षी याच दिवसांत. तेव्हाही सगळी माती धुवायची नाही, कारण पाइनच्या मुळांवर एक उपयोगी बुरशी असते, ती जुन्या मातीबरोबर थोडी टिकवावी लागते. मिश्रणात आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. विटांचे चाळलेले तुकडे, बारीक खडी, थोडं कुजलेलं पानखत.

पाण्याचं सांगते. बोअरचं पाणी आपल्याकडे क्षारांचं, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पाइनच्या सुया पिवळ्या पडू लागतात. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पिंपात साठवा. नाही जमलं तर नळाचं. माती वरून सुकली की सकाळी भरपूर, खाली ताटली नको.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पानांपेक्षा मुळं आधी भाजतात. कुंडी तापलेल्या स्लॅबवर नको, दोन विटांवर ठेवा, भोवती ओलं गोणपाट, दुपारी हिरवी जाळी. बाकी वर्षभर पूर्ण ऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्यांना मेणबत्तीसारखे कोंब येतील, यंदा ते खुडायचे नाहीत, वाढू द्यायचे. ते उघडल्यावर शेंगदाण्याची पेंड चिमूटभर. जुलैपासून दर पंधरा दिवसांनी तार बघा. रुतायला लागली की उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.

मी आइस्क्रीमच्या काडीवर आजची तारीख लिहून कुंडीत खोचलीय. भाऊजी, संध्याकाळी येऊन बघून जा. बाळा, कॅमेरा बंद कर आणि ती झारी दे इकडे.