जाहिरात अडते कोठे?

यूट्यूबवर व्हिडिओ उघडला की चित्र दिसण्याआधी ब्राउझरकडे माहितीचा एक तक्ता येतो. चित्र आणि आवाज कोठून आणायचे, शीर्षक काय, लांबी किती आणि जाहिराती कोणत्या क्षणी दाखवायच्या, हे सारे त्यात नोंदवलेले असते. ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखा ॲडब्लॉकर हा तक्ता प्लेअरच्या हाती लागण्यापूर्वीच त्यातील जाहिरातींच्या नोंदी पुसून टाकतो, प्लेअरच्या लेखी मग जाहिरात उरतच नाही आणि तो निमूटपणे व्हिडिओ सुरू करतो.

२०२४ मध्ये यूट्यूबला जाहिरातींतून सुमारे ३,६०० कोटी डॉलर मिळाले. मोठ्या लांबीच्या व्हिडिओंवरील जाहिरातींचा ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला जातो, त्यामुळे ब्लॉकर लावून बसलेला प्रेक्षक गूगलबरोबर गावाकडच्या पाककृती दाखवणाऱ्या एखाद्या चॅनेलचेही उत्पन्न बुडवतो, हे मान्य करायलाच हवे.

२०२३ मध्ये कंपनीने बडगा उगारला. ब्लॉकर आढळला की पडद्यावर इशारा झळकू लागला: ब्लॉकर काढा अथवा पैसे भरून प्रीमियम घ्या, नाहीतर तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद. मग शेरास सव्वाशेर सुरू झाले. ब्लॉकर ओळखणारी आज्ञावली यूट्यूब सतत बदलत असे, कधी कधी एकाच दिवसात अनेकदा, आणि फिल्टरच्या, म्हणजे काय अडवायचे हे ब्लॉकरला सांगणाऱ्या, याद्या सांभाळणारे स्वयंसेवक तिच्यावर उतारा शोधून काही तासांत नवी यादी पोहोचवत. जुन्या यादीवर विसंबलेल्याला इशारा दिसे. यादी अद्ययावत केली की तो नाहीसा होई.

या झटापटीत वेग हेच ब्लॉकरचे बळ होते, आणि घाव त्यावरच पडला, तोही ब्राउझरमधून. क्रोम हा ब्राउझरही गूगलचाच. त्याच्या ‘मॅनिफेस्ट व्ही३’ या नियमावलीनुसार एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या ब्लॉकरसारख्या छोट्या प्रोग्रामला, ब्राउझरची प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवता येत नाही. नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे सोपवायची आणि अडवण्याचे काम त्याने करायचे. सारे काही पाहू शकणारे एक्स्टेन्शन माणसाची खासगी माहितीही उचलू शकते, हे गूगलने दिलेले कारण खोटे नाही. परंतु ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ या आटोपशीर पर्यायाचे नियम एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच येतात आणि क्रोमसाठी ती आवृत्ती गूगलच्या स्टोअरमधून तपासून बाहेर पडते. ज्याच्याशी झुंज, त्याच्याच दारातून रसद आणायची, अशी ही गत आहे. फायरफॉक्सने मात्र जुनी पद्धत राखली आहे.

जून २०२४ मध्ये यूट्यूब जाहिरात थेट व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाहत असल्याचे व्हिडिओतील प्रायोजित भाग वगळणाऱ्या ‘स्पॉन्सरब्लॉक’ या एक्स्टेन्शनच्या निर्मात्याच्या लक्षात आले. अशा वेळी स्वतंत्रपणे अडवण्याजोगे काही उरत नाही. तरीही ‘स्किप’चे बटण केव्हा दाखवायचे हे प्लेअरला कळवावेच लागते, आणि ब्लॉकर लिहिणाऱ्यांची भिस्त त्या फटीवर आहे.

न्यायालयातील लढाई जर्मनीत रंगली आहे. ‘ॲक्सेल श्प्रिंगर’ या प्रकाशन कंपनीने ‘ॲडब्लॉक प्लस’च्या कंपनीविरुद्ध गुदरलेल्या दाव्यात तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये ब्लॉकर कायदेशीर ठरवला होता. ३१ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने या दोघांमधील कॉपीराइटचा दावा हॅम्बर्गच्या न्यायालयाकडे परत पाठवला. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकात पान उभे राहत असताना ब्लॉकर करतो ती खाडाखोड म्हणजे प्रकाशकाच्या संरक्षित आज्ञावलीत केलेला बेकायदा फेरफार ठरतो का, हे तेथे नव्याने तपासायचे आहे.