रामराम घालायचं बटण

(इंदूरमध्ये रामबागेतल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

काल याच जागेवरून ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय झाला आणि आज व्हिडिओ गेम. पहिल्या रांगेतले चेहरे मला दिसताहेत. घाबरू नका, नातवंडांची वकिली करायला मी आलेलो नाही. मी गाऱ्हाणं घेऊन आलोय, आणि दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘खुल्या जगाच्या गेममधली लढाई हाताला का बसत नाही?’ खुलं जग म्हणजे काय, ते मागच्या रांगांना सांगायला नको. पुढच्यांसाठी एवढंच, की भलामोठा मुलूख असतो, कुठंही भटका, मूळ गोष्ट तुमची वाट बघत बसते.

लढाईकडे येतो, पण आधी जुनी जखम. 2003 साली ‘व्हाइस सिटी’ हा गेम कॉम्प्युटरवर आला तेव्हा आमच्यातले निम्मे कॉलेजात होते आणि उरलेले कॉलेजच्या नावाखाली सायबर कॅफेत. त्यातलं रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवतंय? (मागून आवाज : हो!) बांधकाम चाललेली इमारत आणि चार बॉम्ब. एकेक उचलायचा आणि आत नेऊन ठेवायचा. वर-खाली जायचं डाव्या हाताच्या कळांनी, पुढं-मागं जायचं उजवीकडच्या नंबरपॅडनं. कॅफेवाला तासावर पैसे घ्यायचा, त्यामुळे ते हेलिकॉप्टर भिंतीवर आपटलं की त्याचा चेहरा खुलायचा. पुढं घरोघर लॅपटॉप आले, त्यातल्या बऱ्याच जणांना नंबरपॅडच नाही. असो. भिया, ते दुःख वेगळं आहे.

खरं गाऱ्हाणं 2018 सालच्या ‘रेड डेड रिडेम्पशन 2’चं. 1899 सालची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर आणि त्याचा घोडा. देखणेपणात हात धरणारा दुसरा गेम मला तरी दिसलेला नाही. चिखलात पाय रुततात, घोड्याला खरारा करावा लागतो, बंदूक साफ केली नाही तर तिचा जोर कमी होतो. आमची मावशी तो सिरियलसारखा बघायची. आर्थर तिला आवडला, कारण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालतो.

आता हा रामराम कसा घालायचा ते ऐका. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र, त्याच्या मागच्या अंगाला डावीकडे असतं ते एल-टू. ते दाबून धरलं की समोरच्या माणसाकडे लक्ष जातं, मग चौकोनाची खूण असलेलं बटण दाबायचं. उत्तम. पण हातात पिस्तूल असेल तर तेच एल-टू पिस्तूल रोखतं. एकदा व्हॅलेंटाइन गावात, म्हणजे गेममधल्या गुरांच्या बाजाराच्या गावात, मावशी म्हणाली, “अरे, ती बाई बघ किती गरीब दिसतेय. बोल की तिच्याशी.” मी एल-टू दाबलं. आर्थरनं तिच्यावर पिस्तूल रोखलं. बाई किंचाळत पळाली आणि बघणारा एक जण शेरिफकडे धावला. मी म्हटलं, निघू या. घोड्यावर बसायचं बटण त्रिकोण. माणसाला धरून आडवं करायचं बटणही त्रिकोण. घोड्याच्या आणि माझ्या मध्ये एक म्हातारे गृहस्थ आले.

“अरे, आजोबांना काय पाडतोस!”

“मावशी, मी घोड्यावर बसतोय!”

“घोडा तिकडे आहे!”

मिनिटभरात गावभर पोलीस, डोक्यावर इनाम, आणि रायफल कुठं? घोड्यावर. लांब बंदुका खोगिरालाच लटकलेल्या असतात, उतरल्यावर आठवणीनं काढून घ्याव्या लागतात. त्या दिवसापासून मावशीचा आर्थरशी अबोला आहे. “चांगल्या घरातला वाटला होता,” एवढंच म्हणते.

तुम्ही हसताय, पण माझा मुद्दा इथंच आहे. कंट्रोलर तोच, खेळणाऱ्याचे दोन अंगठे आणि दोन तर्जन्या त्याच, आणि गेममधली कामं मात्र वर्षागणिक वाढताहेत. मग एकेका बटणाला दोन-तीन कामं जुंपतात आणि त्यातलं कुठलं करायचं ते यंत्र ठरवतं. कोण जवळ उभा आहे, कॅमेरा कुठं वळलाय, त्यावर.

त्याहून वाईट म्हणजे वाट बघणं. आमच्या जुन्या वाड्याच्या दाराला एकच घंटी होती. एकदा वाजली तर खालचे, दोनदा वाजली तर वरचे. खालच्या काकू पहिल्या घंटीला कधीच उठायच्या नाहीत, दुसरी वाजते का ते ऐकत बसायच्या. तोवर पोस्टमन निघून जायचा. 2022च्या ‘एल्डन रिंग’मध्ये नेमकं हेच आहे. गोल बटण दाबून धरलं की धावायचं, दाबून सोडलं की कोलांटी. दाबल्या क्षणी यंत्राला कसं कळणार? म्हणून कोलांटी होते बोट उचलल्यावर, आणि राक्षसाची तलवार काही थांबत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता पळत पळत.

एक. सेकंदाला 60 चित्रं असली तर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 30 असली तर 33.3. रेड डेड पीएस-4वर, म्हणजे प्लेस्टेशन 4 या गेमच्या यंत्रावर, 30चा. बटण वाचायचं, हिशेब करायचा, चित्र काढायचं, वर टीव्ही रंग खुलवायला आणखी वेळ घेतो. ही बेरीज अंगठ्याला जाणवते. टीव्हीत ‘गेम मोड’ असतो, घरी जाऊन आधी तो लावा.

दोन. आर्थर टाकलेलं पाऊल पुरं करतो, मग वळतो. दिसणं आधी, तुमचा हुकूम नंतर. ‘विचर 3’ या गेमच्या नायकाबद्दल, गेराल्टबद्दल, हीच ओरड होती. गेम मे 2015मध्ये आला, आणि जुलैतच चालण्याची दुसरी, चपळ पद्धत पर्याय म्हणून देण्यात आली. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

तीन, लढाई. 2007च्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये शिपाई गराडा घालतात आणि शिस्तीत एकेक जण पुढं येतो, तुम्ही थांबायचं आणि वार परतवायचा. 2009च्या ‘बॅटमॅन : अर्कम असायलम’मध्ये तर वार येणार अशी खूण डोक्यावर दिसते, की दाबा बटण. सुरेख दिसतं, पण त्यात माझं मनगट कुठं आहे? एल्डन रिंगमध्ये उगारलेला वार सहसा मागं घेता येत नाही, मार खाताना घाईनं दाबलेली कोलांटी नंतर नको तिथं निघते, तरीही मला तीच लढाई पटते. तिथला उशीर रोज तेवढाच असतो, त्यामुळे तो हातात मुरतो. शस्त्र जड असू द्या, माणूस सावकाश वळू द्या, पण काल बसायचं असलेलं बटण आज पाडायचं होऊ नये.

रेड डेड खेळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरवरच्या काठीचा डेडझोन, म्हणजे काठी हलवूनही काहीच होत नाही तेवढा टप्पा, कमी करावा आणि गावात शिरताना शस्त्र म्यान करावं. कॅमेऱ्याबद्दल बोलायचं राहिलंच. प्रश्न बाहेर घेतो. इथं साडेसातला गाण्याची तालीम आहे आणि तबलजी मघापासून दारात उभे आहेत.