मांजर कुणाचं, कुत्रं कुणाचं, अंगण कुणाचं?

शेजाऱ्यांच्या कुत्र्या-मांजरांच्या भांडणात कायदा कुणाच्या बाजूनं, यावर बोला असा विषय ऐकला तेव्हा मी हसलो होतो. इतकी वर्षं वाटणीचे नि भाडेकरूंचे दावे लढवले, मांजरांवर बोला असं कुणी म्हटलं नव्हतं. मग गेल्या उन्हाळ्यातलं एक प्रकरण आठवलं.

जुळे सोलापुरात दोन रो-हाऊस, मधे चार फुटी भिंत. एप्रिलमधली दुपार, पारा ४२च्या वर. पलीकडच्या मावशींचं मांजर भिंतीवरून अलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणात उतरलं आणि नळाखालच्या ओल्या फरशीवर पसरलं. शेजाऱ्याचा कुत्रा मोकळा होता, फाटक बंद होतं. पुढचं सांगत नाही. मावशी ऑफिसात आल्या त्या मांजराच्या गळ्यातली घुंगराची दोरी मुठीत धरून. "वकीलसाहेब, खुनाचाच गुन्हा लावा."

तो लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ पाळीव जनावराबाबतच्या हलगर्जीपणाचं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नीट वाचा: धोका माणसाच्या जिवाला हवा, नाहीतर माणसाला गंभीर दुखापत होण्याचा. मांजर त्यात बसत नाही. कलम ३२५ जनावराला मारण्याचं, विष घालण्याचं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथे हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. मालकानं "छू" म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. हा गृहस्थ कूलरसमोर घोरत होता.

राहिली दिवाणी भरपाई. तिथे कोर्ट भांडण कुणी सुरू केलं यापेक्षा एक गोष्ट जास्त बघतं: आपलं जनावर अंगावर जातं हे मालकाला आधी ठाऊक होतं का? कुत्र्यानं पूर्वी कुणाला धरलं होतं का, ग्रुपवर तक्रार पडली होती का? (ते मेसेज पुसू नका. कोर्टात दाखवायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.) हाच कुत्रा भिंत ओलांडून मावशींच्या ओट्यावर गेला असता, आणि आधीची तक्रार असती, तर मी दावा आनंदानं घेतला असता. इथे तो स्वतःच्याच अंगणात, बंद फाटकाआड होता.

मग मांजर परक्या अंगणात शिरलं, त्याचा दोष मावशींवर? तोही नाही. १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात कोंडवाड्यात घालायच्या जनावरांची यादी आहे. हत्ती, उंट, गाढव, डुक्कर, शेळी सगळे आहेत, कुत्रं-मांजर नाही. इंग्लंडात १९२६ साली बकल विरुद्ध होम्स खटल्यात शेजाऱ्याची कबुतरं मारलेल्या मांजराच्या मालकाला कोर्टानं सोडलं: मांजर मांजरासारखंच वागलं, म्हणे. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण मला पटतो.

आणि भरपाई किती? कायद्याच्या लेखी मांजर ही जंगम मालमत्ता, म्हणजे हलवता येणारी वस्तू. "कितीला घेतलं होतं?" मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "घेतलं कुठलं, मंगळवार पेठेत पावसात भिजत होतं, पिशवीत घालून आणलं."

नोटीस पाठवली नाही. शेजाऱ्याशीच बोललो, तो भिंतीवर जाळी लावायला लगेच तयार झाला. तिचा निम्मा खर्च मावशींनी द्यायचा की नाही, यावर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही.