गुप्त कागद घरी गेला, तर खटला कुणावर?

श्रोतेहो, नमस्कार.

मंत्रिपद जातं, सरकारी बंगला सोडायची वेळ येते, सामानाचे खोके भरले जातात. त्या खोक्यांतून सरकारचे गुप्त कागदही गेले, तर त्या नेत्यावर खटला भरावा का? अमेरिकेत याच कारणावरून एका माजी राष्ट्राध्यक्षावर आरोपपत्र दाखल झालं. पाकिस्तानात एका माजी पंतप्रधानाला शिक्षा सुनावली गेली. आपल्याकडे हा विषय निवडणुकीच्या तोंडावर वर येतो आणि निकाल लागला की बुडतो.

माझं उत्तर आधीच सांगतो. खटला भरावा, पण तीन प्रश्न विचारून. कागद जाणूनबुजून नेला का? परत मागितल्यावर दिला का? चौकशीत खरं सांगितलं का? हे तीन प्रश्न लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे.

कायदा थोडक्यात सांगतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. इंग्रजांचा कायदा, आजही चालू. त्याचं तिसरं कलम हेरगिरीचं. संरक्षणाच्या बाबतीत चौदा वर्षांपर्यंत कैद. आपला आजचा विषय बसतो पाचव्या कलमात. गुप्त कागद अधिकार नसलेल्या माणसाला देणं हा गुन्हा आहेच. पण अधिकार संपल्यावर तो जवळ ठेवणं हाही गुन्हा. परत करण्याचा आदेश मुद्दाम न पाळणं हाही गुन्हा. आणि कागदाची वाजवी काळजी न घेणं, हासुद्धा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. या कलमात मंत्री आणि कारकून असा भेद केलेला नाही. पुन्हा सांगतो, भेद केलेला नाही. तो पडतो पुढे, तेराव्या कलमाशी. सरकारच्या आदेशाने किंवा सरकारने दिलेल्या अधिकाराने तक्रार झाल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. म्हणजे किल्ली सरकारच्या खिशात.

शपथविधीला मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात, ती राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. ती मोडली तर शिक्षा काय, हे तिथे लिहिलेलं नाही.

आता माझ्याबरोबर दिल्लीला चला. साल १९८५, महिना जानेवारी. राजीव गांधी प्रचंड बहुमताने निवडून आले त्याला महिनाही झालेला नाही. गुप्तचर खात्याने कूमर नारायण नावाच्या माणसाला पकडलं. एकेकाळचा सरकारी लघुलेखक, पुढे एका खाजगी उद्योगसमूहाचा दिल्लीतला प्रतिनिधी झालेला. त्याचं जाळं मोठ्या साहेबांचं नव्हतं. ते होतं साहेबांच्या स्वीय सहायकांचं आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्यांचं. पंतप्रधान कार्यालय, राष्ट्रपती भवन, संरक्षण खातं, सगळीकडे त्याची माणसं होती.

पद्धत अगदी साधी होती, म्हणूनच ती वर्षानुवर्षं चालली. कचेरी सुटली की फाइल बाहेर जायची. झेरॉक्स निघायची. मूळ फाइल जागेवर परत. आता बघा, यात पकडायचं कसं? फाइल कपाटात आहे. पानं मोजली तर पुरी आहेत. हालचाल नोंदवहीत काही नोंद नाही, कारण फाइल अधिकृतपणे कुठे गेलेलीच नाही. आणि झेरॉक्सचं यंत्र मूळ कागदावर खूण सोडत नाही. चोरी झालेली असते आणि तरीही काही हरवलेलं नसतं. हे वाक्य परत ऐका: चोरी झालेली असते आणि तरीही काही हरवलेलं नसतं. गुप्त कागदाच्या बाबतीत सगळी अडचण इथेच आहे.

नियम नव्हते असं नाही. सरकारी कागदाचे गोपनीयतेचे चार दर्जे असतात. सगळ्यात वर अतिगुप्त, मग गुप्त, मग गोपनीय, आणि शेवटी मर्यादित वापरासाठीचे. वरच्या दर्जाच्या कागदाच्या प्रतींना क्रमांक घालायचा, म्हणजे कुणाची प्रत फुटली ते कळतं. पाठवताना दोन लिफाफे. आतल्यावर दर्जाचा शिक्का आणि सील, बाहेरच्यावर फक्त पत्ता, म्हणजे वाटेत कुणाला कळू नये की आत काय आहे. घेणाऱ्याची सही असलेली पोच परत यायला हवी. हे सगळं चोख असूनही व्यवस्था कोसळते, कारण कागद वाचतो साहेब आणि सांभाळतो साहेबाचा सहायक. किल्ली त्याच्याकडे, पोच लिहिणारा तो आणि कचेरीतून शेवटी निघणाराही तोच.

पकडलेल्यांत एक होता पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांचा स्वीय सहायक. ते प्रधान सचिव म्हणजे पी. सी. अलेक्झांडर. देशातला बहुधा सगळ्यात वजनदार अधिकारी. त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. फाइल त्यांनी बाहेर दिली असं कुणी म्हटलं नाही. तरी आपल्या कचेरीतून हे झालं म्हणून त्यांनी पदाचा राजीनामा दिला. झेरॉक्स प्रती परदेशी दूतावासांपर्यंत पोचत होत्या. फ्रान्सच्या दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याला भारत सोडावा लागला, राजदूतालाही परत बोलावलं गेलं.

आणि खटला? खटला चालला सतरा वर्षं. निकाल आला २००२ मध्ये. मुख्य आरोपी कूमर नारायण त्याआधीच वारला होता. डझनभर माजी कर्मचाऱ्यांना विशेष न्यायालयाने दहा-दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तोवर ते निवृत्तीच्या वयाला पोचले होते.

अलेक्झांडर यांचं पुढे काय झालं, ते गोव्याच्या श्रोत्यांना आठवेल. राजीनाम्याच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ते लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले. मग तमिळनाडूचे राज्यपाल. मग महाराष्ट्राचे. १९९५ मध्ये शिवाजी पार्कवर मनोहर जोशींच्या मंत्रिमंडळाला पदाची आणि गोपनीयतेची शपथ त्यांनीच दिली. आणि जुलै १९९६ पासून जानेवारी १९९८ पर्यंत आपल्या दोनापावलाच्या राजभवनाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडेच होता. मला यात काही वावगं वाटत नाही. त्यांनी जबाबदारी घेतली, खुर्ची सोडली, तपासाच्या आड आले नाहीत. तीन प्रश्न लावून बघा. कागद स्वतः नेला नाही, लपवला नाही, खोटं बोलले नाहीत. अशा माणसाला तुरुंगात घालायचं कारण नाही. राजीनामा हीच त्या चुकीची योग्य किंमत. ती किंमत देणारे पुढे फार कमी निघाले, याचं मला वाईट वाटतं.

हेच तीन प्रश्न अमेरिकेला लावा. डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातल्या निवासस्थानी ऑगस्ट २०२२ मध्ये झडती झाली आणि जून २०२३ मध्ये आरोपपत्र आलं. आरोप नुसता कागद नेल्याचा नव्हता. मागूनही ठेवून घेतले, शोधणाऱ्यांपासून लपवले, असा होता. जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी खटला रद्द केला, पण कारण होतं विशेष अभियोक्त्याची बेकायदा ठरवलेली नेमणूक. कागदांबद्दल खरं काय, खोटं काय, याचा निवाडा झालाच नाही. जो बायडेन यांच्या घरच्या गॅरेजमध्येही गुप्त कागद सापडले. पहिले कागद त्यांच्या वकिलांनीच कळवले, ते परत गेले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात खटल्याची शिफारस झाली नाही. बायडेन निर्दोष आणि ट्रम्प दोषी असा याचा अर्थ मी लावत नाही. अर्थ इतकाच की दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर, म्हणजे परत दिला का यावर, बरंच काही ठरतं.

पाकिस्तानात तर कायदाही आपलाच, १९२३ चा. इम्रान खान यांनी मार्च २०२२ मध्ये जाहीर सभेत एक कागद फडकावला. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा, जूनमध्ये उच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका. पद गेल्यावर खटला आणि निवडणुकीच्या ऐन आठवड्याआधी शिक्षा. किल्ली सरकारच्या खिशात असली की काय होतं, ते इथे दिसतं. नेता सत्तेत असेल तर त्याचंच सरकार तक्रार करणार नाही. सत्तेतून गेला तर विरोधकांचं सरकार घाईने करेल.

आपल्या देवस्थानांत दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्या वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असतात, एकट्याला पेटी उघडता येत नाही. तेराव्या कलमाला तेच हवं. तक्रारीचा निर्णय एकट्या सरकारचा नको. त्यात निवृत्त न्यायमूर्ती हवेत, विरोधी पक्षनेता हवा. आणि मुदत हवी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमात सरकारी सेवकावर खटल्याची परवानगी १२० दिवसांत द्यायची किंवा नाकारायची आहे; नाही दिली तर दिली असं समजायचं. तीच १२० दिवसांची मुदत इथेही लावा.

जानेवारी २०१९ मध्ये गोव्यात काय गदारोळ झाला ते तुम्ही ऐकलं आहे. राफेलच्या फायली मुख्यमंत्र्यांच्या घरी आहेत, असं सुचवणारी ध्वनिफीत दिल्लीत प्रसिद्ध झाली. आधी संरक्षणमंत्री राहिलेले तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ते फेटाळलं. ज्या मंत्र्यांचा आवाज म्हणून सांगितलं गेलं, त्यांनी ती फीत बनावट असल्याचं सांगितलं. अशा वेळी नेत्याला वाचवणारी एकच गोष्ट असते: पद सोडतानाची सही केलेली यादी. प्रत क्रमांक अमुक, पानं अमुक, परत दिली अमुक तारखेला. यादी असेल तर प्रामाणिक माणसावरचा आळ एका दिवसात धुऊन निघतो.

कागद सांभाळण्याचं म्हणाल तर ते आपल्याला नवीन नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची आहे, दियोगो दो कौतो तिथले पहिले रक्षक. चारशे वर्षांचे कागद तिथे जगले आणि आजच्या कचेऱ्यांतल्या फायलींना दर पावसाळ्यात बुरशी येते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवतात, खालचा कप्पा जमिनीला टेकलेला, वारा खेळायला जागा नाही. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं तरी निम्मं नुकसान टळेल. हे मी प्रत्येक व्यासपीठावर बोलतो आणि बोलत राहणार.

असो. पर्वरीला, म्हणजे गोव्याच्या सचिवालयात, सरकार बदलतं तेव्हा मंत्र्यांचा को-टर्मिनस, म्हणजे त्यांच्या कार्यकाळापुरताच नेमलेला, कर्मचारीवर्ग त्यांच्याबरोबरच जातो. साहेब आणि सहायक एकाच दिवशी गेले, तर फाइल कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून यादी त्या दिवशी नको, दर महिन्याला हवी, आणि ती खात्याच्या कायम कर्मचाऱ्याने करायला हवी. मोबाइलवर काढलेल्या फायलीच्या फोटोंचंही तेच. झेरॉक्सला निदान यंत्रापर्यंत जावं लागायचं, फोटो टेबलावरच निघतो.

तुम्हाला यात काय करता येईल? केंद्राच्या आधी, १९९७ मध्ये, माहिती हक्काचा कायदा गोव्याने केला होता. आज २००५ चा कायदा आहे. कागदात काय आहे ते मागू नका, कलम आठखाली नकार येईल. असं लिहा: अमुक मंत्र्यांनी अमुक तारखेला पद सोडलं, त्या दिवशी त्यांच्या कार्यालयाने खात्याला परत केलेल्या फायलींची संख्या, हस्तांतर यादीची तारीख आणि ती स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम कळवावं. अर्ज त्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यात, त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे. आणि "अशी यादी उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, तर ते पत्र जपून ठेवा आणि आपल्या आमदाराला देऊन विधानसभेत प्रश्न विचारायला सांगा.

नमस्कार.